चौघांचं टेबल

भाजलेल्या तिळांचा वास आला की मला सावेडीतलं ते लेबनीज हॉटेल आठवतं. तेव्हा मी नगरला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. रविवारी चर्च सुटलं की वहिनी आणि मी घरी काहीतरी निमित्त सांगून एखाद्या नव्या हॉटेलात जायचो. थाई रस्सा, कोरियन भात, चीजमध्ये बुडालेला पास्ता, सगळं एकाच ताटात वाटून खायचो आणि नाही आवडलं तरी पोटभर हसायचो. अशाच एका दुपारी मी तिला सांगितलं होतं, की मला पुण्याला एमएस्सी करायचीय, पण एवढ्यात कुणाला बोलू नकोस. पुढच्याच एका रविवारी मात्र त्या लेबनीज हॉटेलात वहिनीनं चौघांचं टेबल धरलं. गरम पिटा रोटी आणि भाजलेले तीळ वाटून घातलेलं काबुली चण्यांचं हमस येतंय तोवर राहात्याच्या एक बाई मुलाला घेऊन समोर बसल्या. ते मला बघायला आलेत, हे लगेच कळलं. बाईंनी पिटाचा तुकडा मोडत मायेनं विचारलं, "पुन्याला शिकायला जायाचं खूळ गेलं का गं डोक्यातनं?" मी वहिनीकडे पाहिलं. ती मेनूकार्ड वाचत होती. "नाही गेलं," एवढंच म्हणून मी उठले आणि रिक्षानं घरी आले. संध्याकाळी ती म्हणाली, "तुझ्या भल्याचंच केलं गं." पुढे मी भांडून पुण्याला गेले, शिकले. वहिनी अजूनही प्रेमानं फोन करते. मी मुलांची, तिच्या तब्येतीची चौकशी करते, आणि ती "तुझं काय चाललंय?" म्हणाली की सगळं छान आहे असं सांगते.