मामंजींचे रूळ आणि माझा रुपेरी रंग

मी एकदा रेल्वेचे रूळ रंगवले. रुपेरी. दोन हात देऊन.

दचकू नका, खऱ्या रेल्वेचे नव्हेत! रोह्याला आमच्या घरामागच्या वाडीत मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, विजेवर चालणारी खेळण्यातली गाडी होती. ते मुंबईत फिटर होते, तिथला गोरा साहेब विलायतेला परतताना ती देऊन गेलेला. पावसाळ्यात ती गंजून बंद पडली. तीन महिने (सासूबाईंची बोलणी खात) खपून मामंजींनी ती पुन्हा चालू केली आणि सकाळच्या एसटीनं पेणला गेले, दोन जुन्या सोबत्यांना आणायला. "तुझी गाडी म्हणजे नुसती थाप!" असं ते दोघं वर्षानुवर्षं चिडवत आलेले. आज त्यांची तोंडं बंद होणार होती.

मी नवी सून. माहेर पेणचं, घरात गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. पाहुणे येणार आणि रूळ काळपट? छे! माहेरून आणलेला, बाप्पाच्या मुकुटाचा रुपेरी रंग काढला आणि रूळ असे चमकवले की मीच दिपले.

दुपारी म्हटलं, एक फेरी मारून बघू. रुळांना वीज देणाऱ्या खोक्याची वेगाची मूठ फिरवली. गाडी ढिम्म. आणखी फिरवली. ढिम्म. पार शेवटपर्यंत फिरवली. एसटी यायला तासच होता! मामंजी रागावले की ओरडत नसत, अबोला धरत. एकदा भाजणी करपली म्हणून सासूबाईंशी आठ दिवस! इथं तर मी अख्खी रेल्वे मारली होती.

माझं रडं ऐकून वाडीत शिंपण करणारी हिरा धावत आली.

"काय झाला गो वयनी? साप हाय का?"

"साप परवडला! गाडी मेली गं!"

"काल तं पळत व्हती."

"मी हात नाही लावला. नुसते रूळ रंगवले."

हिरानं कपाळावर हात मारला. "रुळातनं करंट जातो, म्हातारबा सांगत व्हते नाय? त्याला तू रंगाचा लुगडा नेसवलास. आता जाल कसा करंट?"

मग काय! नारळाच्या शेंड्या, वाळू, आणि आम्ही दोघी ओणव्या. रस्त्यावर हॉर्न वाजला की मी फाटकाकडे धावे.

"हिरा, आले गं!"

"दुधाची गाडी हाय ती. घास तू!"

अखेर गाडीखालचा तुकडा तेवढा उरला. हिरानं गाडी उचलून पुढच्या स्वच्छ रुळावर ठेवली मात्र, ती सुसाट सुटली! (मूठ शेवटपर्यंत फिरवलेली तशीच होती, हे मला तेव्हा आठवलं.) वळणावर सासूबाईंनी जुन्या साडीवर पोह्याचे पापड वाळत घातले होते. साडीचा काठ इंजिनात अडकला आणि साडी ओढत, पापड उधळत गाडी फाटकाशी जाऊन धडपडत थांबली.

फाटकात मामंजी. मागे दोन पाहुणे. मी डोळेच मिटले.

"अरेच्चा, मालगाडी होय!" एक पाहुणा म्हणाला. "आम्हाला वाटलं पॅसेंजर!"

दुसऱ्यानं पापड उचलून तुकडा मोडला. "माल उत्तम आहे हो."

मामंजींनी रुळाचा उरलेला रुपेरी तुकडा पाहिला आणि गप्प. चहा झाला, गप्प. पाहुणे संध्याकाळच्या एसटीनं गेले, तरी गप्प. मी मनातल्या मनात माहेरची बॅग भरली. हिरा तर केव्हाच कुंपणातून पसार झाली होती!

शेवटी झोपाळ्यावरून हाक आली. मी दाराआड उभी राहिले. मामंजी पाय चोळत माझ्याकडे न बघता म्हणाले,

"सूनबाई, पुन्हा रंगवायची हौस आली ना, तर माझे गुडघे रंगव. ते तसेही चालत नाहीत."