आई उभ्याने जेवायच्या

लग्न होऊन मुलुंडच्या घरात आले तेव्हापासून बघत होते, सासूबाई ओट्याशी उभ्या राहूनच जेवायच्या. टेबलाला खुर्च्या चार, माणसं आम्ही तिघं. "आई, बसा ना," म्हटलं की ठरलेलं उत्तर, "तुमचं चालू द्या." मला तो टोमणाच वाटायचा. सुनेच्या बरोबरीने बसायचं नाही, दुसरं काय! एकोणीस वर्षं मी मनात कुढत राहिले. कधी कधी मुद्दाम भांडीसुद्धा आपटली.

मग एकदा त्यांचा परकर वाळत घालताना रक्ताचा डाग दिसला. सत्तरी उलटलेली बाई, आणि डाग? खूप खोदून विचारलं तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाल्या, "खाली खाज येते गं. जुनीच आहे. बसलं की चिरतं."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"कुणाला सांगणार होते? मुलाला?"

भांडुपच्या लेडी डॉक्टरांनी तपासलं. योनीच्या बाहेरची कातडी पांढरी, कागदासारखी पातळ झाली होती. संसर्ग नाही, अस्वच्छता नाही. "सोसायटीच्या वॉचमनने आपल्याच माणसांना चोर समजून झोडपावं ना, तसं शरीर आपल्याच कातडीशी करतंय," त्या म्हणाल्या. ऐकताना मला माझी आपटलेली भांडी आठवली. स्टिरॉइडचं मलम त्या वॉचमनला शांत करणार होतं. आजार कायमचा जाणार नव्हता, पण मलम सोडलं तर कातडी आकसत जाणार, शिवाय कॅन्सरची धास्ती. आजवर त्या गुपचूप वापरायच्या ते कडुलिंबाचं पाणी, तुरटी, साबण, सगळं बंद.

दोन आठवड्यांनी बघते तर ट्यूब साड्यांखाली लपवलेली. केमिस्ट म्हणाला होता, स्टिरॉइड जास्त दिवस लावू नका. "अहो, डॉक्टर तो आहे की त्या?" मी ओरडलेच. बोटाच्या अर्ध्या पेराएवढं मलम काढून दाखवलं, हातात आरसा दिला. "शी! या वयात काय बघायचं मेलं!" म्हणत बाथरूममध्ये गेल्या आणि आतून आवाज आला, "बाई गं, आमची ओळखच नव्हती की!" दोघी इतक्या हसलो की नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला.

पुढे मलम आठवड्यातून दोनदाच लावायचं ठरलं. मंगळवार-शुक्रवार त्या कॅलेंडरवर फुली मारायच्या. माझ्या नवऱ्याने विचारलं, "हे काय गं आई?" तर म्हणे, "माझे उपास." कसल्या इरसाल होत्या!

एका दुपारी मी जेवायला बसले होते. त्यांनी ओट्यावरचं ताट उचललं, माझ्यासमोरची खुर्ची ओढली, आधी जपून टेकल्या, मग नीट बसल्या. मला राहवलं नाही. "मला वाटायचं, माझ्याबरोबर जेवायला तुम्हाला आवडत नाही."

त्यांचा घास हातातच राहिला. "वेडी आहेस का? मला वाटायचं, मी लांब असलेलीच तुला बरी वाटते."

समोरासमोर बसून जेवायला आम्हाला त्यानंतर चारच वर्षं मिळाली.