मावशींच्या चार खुर्च्या

ईमेल लिस्टवरच्या मैत्रिणींनो, आज माझ्याकडे लग्नानंतरचं पहिलं हळदीकुंकू झालं. बायका आत्ताच गेल्या. मला संताप आलाय, आणि तो माझा मलाच आलाय.

अमेरिकेत, इथे कॅरी गावात येऊन मला चार महिने झाले. नवरा सकाळी गाडी घेऊन जातो आणि मला ड्राइव्ह करता येत नाही. पहिल्याच आठवड्यात लॉन्ड्रीचं मशीन शिकवलं ते खालच्या मजल्यावर मुलाकडे राहणाऱ्या मावशींनी. मला ताप आला तेव्हा मऊ भात घेऊन त्याच वर आल्या.

आज मी त्यांना बोलावलं नाही. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले. सासूबाईंनी फोनवर काही सांगितलं नव्हतं, आईनेही नाही. यादी मीच केली, आणि त्यांचं नाव मीच लिहिलं नाही.

दुपारी बेल वाजली. दारात मावशी, दोन्ही हातांत घडीच्या खुर्च्या.

"तुझ्याकडे दोनच आहेत ना? बायका बसणार कुठे?"

मी "आत या" म्हणायच्या आधीच म्हणाल्या, "नको गं, त्या येतीलच आता." खाली जाऊन आणखी दोन आणल्या. दाराबाहेरच ठेवल्या.

मी खुर्च्या आत घेतल्या आणि दार लावलं. खरं सांगू? त्या आत आल्या नाहीत म्हणून मला हायसं वाटलं.

सगळ्या म्हणाल्या, किती छान केलंस!

त्या चार खुर्च्या अजून इथेच आहेत. उद्या त्या परत करायला कोणत्या तोंडाने जाऊ?