यादीत नसलेली तार

आधीच स्पष्ट करते. मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. अंगात येणं, नजर लागणं, 'आमच्या गावाला एकदा काय झालं माहितीये...' हे सगळं मी सभ्यपणे ऐकून घेते आणि विषय बदलते. आजही माझं मत तेच आहे. म्हणूनच हे लिहायची लाज वाटते. आणि लाजेचं ते एकच कारण नाही.

हे मी इरा आणि निहार या माझ्या नातवंडांसाठी लिहिते आहे. ती कॅनडात असतात. बाकीच्यांनी शेजारी बसून ऐकलं तरी चालेल. मुलांनो, तुम्हाला इंग्रजीत लिहिलं असतं तर लवकर वाचून झालं असतं, पण मोठ्या आजीचं बोलणं इंग्रजीत नेलं की त्यात मोठी आजी उरत नाही. सावकाश वाचा.

आम्ही ठाण्यात कोलशेतला, खाडीच्या अंगाला, चौदाव्या मजल्यावर राहतो. एकाच लॉबीत समोरासमोर दोन फ्लॅट. एकात मी, दुसऱ्यात माझी मोठी जाऊ, म्हणजे तुमची मोठी आजी. मी त्यांना वहिनी म्हणते. दोघींचेही नवरे गेले. वहिनींना मूलबाळ नाही, पण मी कॉलेजात असायचे तेव्हा तुमच्या बाबाला भरवलं, झोपवलं, मारलंसुद्धा, ते त्यांनीच.

फ्लॅट घेतले तेव्हा बाबाने दोन्ही घरांत ऑटोमेशन करून घेतलं. दिवे, पंखे, पडदे, सगळी बटणं एका बारीक हिरव्या वायरीवर. प्रत्येक घराची लाइन वेगळी, आणि दोन लाइनींच्या मध्ये, माझ्या पॅसेजमधल्या पॅनेलमध्ये, एक छोटासा डबा. त्याला लाइन कपलर म्हणतात. बटण दाबलं की वायरीवरून निरोप जातो, आणि त्या निरोपाला ही मंडळी चक्क टेलिग्राम म्हणतात. मला गंमत वाटली होती. आमच्या लहानपणी 'तार आली' म्हटलं की ती उघडायच्या आधीच बायका रडायला लागायच्या.

वहिनींच्या पलंगाशी एक बटण आहे. ते दाबलं की माझ्या टेबलावरचा पिवळा दिवा लागतो. त्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. दिवसा सुनीता त्यांच्याकडे कामाला असते, तरी कधी बरं वाटेनासं झालं तर मला बोलावता यावं, म्हणून बाबाने केलेली ही सोय.

तो दिवा लागायचा दुपारी. जेवणं आटोपून मी पुस्तक उघडलं रे उघडलं, की लागलाच! मी हातातलं ठेवून समोर जायचे.

"आलीस? ये, बस."

"काय हवं होतं, वहिनी?"

"मला? मला काय हवं असणार या वयात! बस गं. बाळकुमच्या घरी आपली ती मांजर होती बघ, एका डोळ्याची..."

मग मांजर, मग मांजरीला दूध घालणारी शेजारीण, मग त्या शेजारणीचा पळून गेलेला दीर. मी हूं हूं करत ऐकायचे.

"सारखं घड्याळ काय बघतेस? पिरियड संपायचाय का तुझा?" वहिनी म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

माझ्या शिस्तीच्या डोक्याला हे पटेना. काम असेल तर सांगावं. सोबत हवी असेल तर तसं म्हणावं. बटण दाबून वर 'मला काय हवं असणार' म्हणायचं, ही मला लबाडी वाटायला लागली. हो, हाच शब्द माझ्या मनात आला होता.

मी सरळ विचारलं का नाही? मोठ्या जावेला 'तुम्ही मला विनाकारण बोलावता' असं तोंडावर म्हणायची आमच्यात पद्धत नाही. तोंडाने बोलायचं नाही... वायरीतून तोडायला मात्र माझी काही हरकत नव्हती.

या सिस्टीमची देखभाल डोंबिवलीची प्राची करते. इंजिनिअर आहे, हुशार आहे, आणि हात चालू असले की तोंडही चालू. तिला मी बोलावलं. तिने लॅपटॉप जोडला.

"काकू, तुमचा कपलर सध्या नुसता रिपीटरसारखा चाललाय. इकडून जे येईल ते तिकडे ढकलतो. फिल्टर लावला ना, की तो वॉचमन होतो. यादीत नाव असेल त्यालाच सोडणार."

"मग लाव. आणि हे एक नाव यादीत नको."

तिने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काकू, हे आजींचं कॉलचं बटण आहे."

"सुनीता असते. फोन असतो त्यांच्याकडे."

"आजींना सांगितलंय ना तुम्ही?"

"सांगेन."

मी सांगितलं नाही. प्राची समोर जाऊन ते बटण दाबून आली, माझा दिवा लागला नाही. वहिनींना वाटलं पोरगी काही दुरुस्त करायला आली आहे. त्यांनी तिच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला.

मग माझ्या दुपारी शांत झाल्या. मी खूप वाचलं. वहिनी काही बोलल्या नाहीत. सकाळी मी डोकावायचे, औषध घेतलं का विचारायचे आणि परत यायचे. एकदा म्हणाल्या, "वाचन वाढलंय वाटतं तुझं." मी तो टोमणा समजले आणि दिवसभर मनात घोळवत राहिले.

आणि एका दुपारी दिवा लागला.

मी तो बंद केला. पुन्हा लागला. मुलांनो, आता जे लिहिते आहे ते वाचून तुम्हाला माझा राग येईल, आणि तो योग्यच आहे. मी उठून समोर गेले नाही. मी प्राचीला तक्रार करायला फोन लावला.

"तुझा वॉचमन झोपलाय, प्राची."

"काय झालं, काकू?"

"दिवा लागतोय. वहिनींचा."

"शक्यच नाही. त्या बटणाचा ॲड्रेस यादीत नाहीये. कपलर पुढे पाठवूच शकत नाही."

"मग हे माझ्या नाकासमोर काय जळतंय? बघ... मी आत्ता बंद केला. आणि हा परत लागला!"

"काकू, ते मरू दे हो!" ती ओरडलीच. "आधी समोर जाऊन बघा ना!"

"जाते गं, जाते," म्हणून मी वहिनींच्या घराची किल्ली घेतली. लॉबी ओलांडताना मनात वाक्य जुळवत होते : वहिनी, प्रत्येक गोष्टीला एक वेळ असते.

ते वाक्य दारातच राहिलं. वहिनी बाहेरच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. घामाने पदर भिजलेला, मान एका बाजूला, डोळे उघडे पण माझ्यावर नाहीत. मी हाक मारली तर जड जिभेने म्हणाल्या, "आई, दिवे लावलेस का?" सुनीता कळव्याला चुलतबहिणीच्या साखरपुड्याला गेली होती. सकाळी तसं सांगायला ती माझ्या दाराशी आली होती, आणि मी पुस्तकातून मान वर न करता 'बरं' म्हटलं होतं. टेबलावर वहिनींचं ताट झाकलेलंच होतं. इन्सुलिन घेतलं होतं आणि पोटात अन्न नव्हतं.

साखरेचं पाणी केलं. चमच्याचमच्याने ओठांशी धरलं. त्या गिळत होत्या, हेच नशीब. मग खालच्या डॉक्टरांना बोलावलं. साखर पार खाली गेली होती. "थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं," ते म्हणाले. "तुम्ही लगेच आलात म्हणून बरं."

लगेच!

संध्याकाळी वहिनी उशीला टेकून पेज पीत होत्या. मी रागवायचं म्हणून रागावले, "जेवला का नाहीत?"

"एकटीच्या घशाखाली उतरत नाही गं. म्हटलं, जरा बसू, मग जेवू. बसल्या बसल्या हातपाय गळाले, उठताच येईना." मग माझ्याकडे बघत राहिल्या. "तू आलीस मात्र. मला वाटलं, आता ही यायची नाही."

"तुम्ही बटण दाबलंत ना."

"कसलं बटण?"

मी पलंगामागे बोट दाखवलं. त्या हसल्या.

"ते होय! ते मी कधी दाबलंच नाही. उगाच कशाला? घंटा वाजवून शिपायाला बोलावतात, घरच्या सुनेला नाही. बाबूने हौसेने बसवलं, म्हणून काही बोलले नाही." बाबू म्हणजे तुमचा बाबा.

"मग आधी... रोज दुपारी?"

"रोज दुपारी काय? रोज दुपारी तू यायचीस." पेजेची वाटी त्यांनी माझ्या हातात दिली. "मी सगळ्यांना सांगते. म्हटलं, नोकरी केली जन्मभर, इंग्रजी शिकलेली, पण माझी जाऊ न बोलावता येते."

वाटी घेऊन मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिले.

प्राची दुसऱ्या दिवशी स्वतःहून आली. फिल्टर चालू होता, यादीत ते नाव नव्हतं. वहिनींचं बटण दाबलं, माझा दिवा लागला नाही. माझ्याच घरातल्या एखाद्या बटणाला चुकून तोच ॲड्रेस दिलाय का, कुठे टायमर लावलाय का, वायरीत ओल आहे का, सगळं तिने पाहिलं. काही सापडलं नाही. पूर्वी त्या दुपारी दिवा कोण लावायचं, त्याचाही पत्ता लागला नाही, कारण जुन्या निरोपांची नोंद कपलर ठेवत नाही.

"काकू, बटण दाबलंच नसेल तर टेलिग्राम निघतच नाही. आणि निघाला तरी इथे अडतो," ती म्हणाली. "मला नाही सांगता येत."

तिच्याकडून मी ते नाव यादीत परत घालून घेतलं. तेव्हापासून दिवा एकदाही लागलेला नाही. दिव्यातला बिघाड म्हणावा तर तो आता नाही. योगायोग म्हणावा तर कशाकशाचा? वहिनींच्या मनातलं वायरीला कळलं, असं लिहायला माझा हात धजत नाही. मला स्पष्टीकरण माहीत नाही. मी ते शोधायचं सोडलं आहे, कारण मला छळतं ते दुसरंच आहे.

परवा सोसायटीतल्या दोघी वहिनींना भेटायला आल्या होत्या. मी चहा गाळत होते. वहिनी त्यांना म्हणाल्या, "मला कुठे कोणाला बोलवावं लागतं? हिला आतूनच कळतं." त्या बायका माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या. मी गाळण्यातून मान वर केली नाही.

आता मी रोज दुपारी जाते. जाताना ठरवून जाते की आज सांगायचं : वहिनी, मी दिवा लागायचा म्हणून येत होते, आणि तोही मी तोडून घेतला होता. तिथे गेले की त्या जेवायच्या थांबलेल्या असतात. दोन पानं मांडलेली असतात. जेवण होतं, गप्पा होतात, आणि मी न सांगता परत येते.

रविवारी तुम्ही मोठ्या आजीला फोन कराल. यातलं काही बोलू नका. ते मीच सांगायला हवं.