शमीमच्या खिडकीवरचं गोणपाट

बातमी आली तेव्हा मी पारोळ्याला नणंदेकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होते. हात पिठाचे, म्हणून माझा फोन तिनंच घेतला. ऐकता ऐकता ती मटकन खाली बसली. "वहिनी, तुमनी शमीम गयी वं माय..." तव्यावरची भाकरी जळाली, तरी दोघींना उठायचं सुचलं नाही. महिना उलटून गेला, माझा राग काही शांत होत नाही, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नाही.

जळगावजवळच्या आमच्या शेडमध्ये केळीच्या खोडापासून धागा निघतो. निघतो तेव्हा मातकट असतो, गिऱ्हाइकाला मात्र कापसासारखा पांढरा लागतो. तो पांढरा करायची खोली शमीमची. ब्लीचिंग पावडरचं पाणी, त्यात ॲसिडची धार आणि त्यात बुडवलेल्या लडी. जरा जास्त वेळ राहिल्या की धागा हातात तुटतो. धुऊन झाल्यावर ॲसिड उरलंय का बघायला ती लडीचं टोक जिभेला लावायची. चुरचुरलं, की पुन्हा साध्या पाण्यात. मी कातावायचे, "अगं बये, जीभ आहे का काय आहे तुझी?" ती हसायची. "तुझी बोलून बोलून झिजते, माझी निदान कामाला तरी येते!"

उन्हाळ्यात वारा सुटला की आमच्याकडे धूळ पिठाच्या डब्यातसुद्धा शिरते. ओल्या धाग्यावर ती बसली की डाग, आणि डाग पडला की अख्खा माल परत. म्हणून शमीम दार लावून घ्यायची, खिडकीवर ओलं गोणपाट बांधायची. धूळ आत येत नव्हती, खरं. पण तो उग्र वासही बाहेर जात नव्हता. हे कळत नव्हतं का? कळत होतं. मी सांगून सांगून थकले. पंखा मागितला, तर शेठ म्हणाले, "पंख्यानं धूळ उडेल." ती खोकत बाहेर यायची, डोळे लालभडक, आणि ओढणीनं तोंड पुसायची. त्या ओढणीवर केळीच्या चिकाचे काळे डाग. सगळा धागा पांढरा करणारी ही बाई, तिला तेवढे डाग काढता आले नाहीत. "चीक कशानंच जात नाही, सुनंदा," म्हणायची.

शेवटची भेट दवाखान्यात. नाकाला नळी, एकेका शब्दाला दम. डॉक्टर म्हणाले होते, फुफ्फुसं आतून भाजल्यासारखी झालीत. तिनं माझं मनगट धरलं. "रेश्माला... त्या खोलीत... जाऊ देऊ नको." रेश्मा तिची एकुलती एक मुलगी, तिला नर्सिंगला घालायचं होतं. मी म्हटलं, "मी जिवंत असेपर्यंत नाही जाणार."

गेल्या आठवड्यात कामावर गेले, तर त्या खोलीतून खोकल्याचा आवाज. दार ढकललं. रेश्मा हौदावर वाकलेली, तोंडाला आईचीच ओढणी. आईच्या हातचं कसब पोरीतही असेल म्हणून शेठनं बोलावून घेतलं होतं. मी तिला दंडाला धरून ओढलं, ओरडले, रडले... "घरात दुसरं कोण कमावणारं आहे, मावशी?" एवढंच म्हणाली, आणि लडी उलटवायला लागली.

मी खिडकीवरचं गोणपाट ओढून काढलं आणि बाहेर फेकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फेकलं. आता रोज सकाळी फेकते. दुपारी वारा सुटला की ते ओलं होऊन परत खिडकीवर असतं, चारी कोपरे घट्ट बांधलेले. गाठ थेट शमीमसारखी.