सात दिवसांत परत

घरात पाय न ठेवता माणूस दुसऱ्याच्या घरात कसा घुसतो, हे ज्याला पाहायचं असेल त्यानं आमच्या गावच्या वाचनालयाच्या सरांना पाहावं. मी आणि माझ्या बायकोनं सोबत केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलणं. अंगणात ऊन होतं, खाली पोतं टाकलेलं, मधात टोपलं. आणि तिच्या मांडीवर फोन, त्यातून सर कुजबुजत होते, "बाई, कालच्या पोस्टले अंगठे बरे आले. हिंगणीकडच्या लोकाईनंही पाह्यलं." मी म्हटलं, "या माणसाले सोताच्या घरी शेंगा नाईत का सोलाले?" ती म्हणाली, "त्याईच्या घरी कोण आहे सोलू लागाले?" आणि माझ्या हातातली शेंग काढून घेतली, कारण मी किडके दाणे टोपल्यात टाकत होतो. तेवढंच बोलणं झालं. दुपारी तिच्या छातीत दुखलं, सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं, संध्याकाळी आणलं ते चौघांनी उतरवून. म्हणजे पाहा, आमच्या शेवटच्या दुपारीसुद्धा हा गृहस्थ आमच्या मधात बसून होता.

ती वाचनालयात कामाला होती. झाडलोट करायची, पेपर लावायची, पुस्तकं काढून द्यायची. सर ग्रंथपाल. माणूस उंच, कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखा, लग्न न केलेला. जगातली प्रत्येक वस्तू हे पुस्तकच आहे, फक्त लोकांना ते कळलेलं नाही, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या छत्रीवर चिठ्ठी आणि नंबर. डब्यावर चिठ्ठी आणि नंबर. फोनला खाकी कागदाचं कव्हर, वर पांढरी चिठ्ठी आणि नंबर. फोन वाजला की ते सावकाश कव्हर उतरवत, तोपर्यंत समोरचा कंटाळून ठेवून देई. वाचनालयात मोठ्यानं बोलायचं नाही हा नियम ते इतका पाळत की फोनमध्ये निरोप भरतानाही कुजबुजत. आता सांगा, भर दुपारी आपल्या बायकोच्या फोनमधून परका माणूस कुजबुजू लागला तर नवऱ्यानं काय समजायचं? शेजारीण भिंतीला कान लावून बसायची. मी एकदा विचारलंच, "काय बोलून राह्यला तो?" ती म्हणाली, "वाळवीची पावडर संपली म्हणते." वाळवीच्या पावडरीसाठी कोणी इतक्या लाडानं बोलतं का?

हे सगळं सुरू झालं ते सर वर्ध्याला ट्रेनिंगला गेले तेव्हापासून. वाचनालयानं आता व्हॉट्सॅप, फेसबुक, यूट्यूब कसं वापरायचं, हे त्यांना तिथे शिकवलं. जाताना बरे होते. आले ते अंगात काहीतरी घेऊन आले. म्हणाले, आता मी स्टाफला ट्रेनिंग देणार. स्टाफ म्हणजे माझी बायको. एकटी. तरी भिंतीवर बॅनर लागला. सरांनी दीप लावला, सरांनीच उद्घाटन केलं, सरांनीच प्रास्ताविक केलं, आणि जी बाई वीस वर्षं त्यांच्या टेबलावरची धूळ पुसत होती तिला स्वतःचा परिचय करून दिला. ती पदर तोंडाला लावून बसलेली. मी घराची किल्ली मागायला गेलो तर सर धावत आले, "बरं झालं भाऊ, गटचर्चा आहे अन् गटच नाई. बसा!" बसलो. विषय होता, वाचक मोबाइलकडे का गेला. मी म्हटलं, "तुमीच तर पाठवून राह्यले." सरांना राग यायला पाहिजे होता. त्यांनी दोन बोटांनी, आवाज न करता टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "उत्तम मुद्दा." अशा माणसाशी भांडायचं कसं?

बरं, बायको शिकली. मी चौथीच्या पुढे गेलो नाही, ती सातवी. पण फोनवर तिचं बोट असं चालायचं जसं तांदूळ निवडताना चालतं. सर फोन धरायचे आणि ती पुस्तक हातात घेऊन त्यातली गोष्ट आपल्या बोलीत सांगायची. बरोबर निम्म्यावर थांबायची. म्हणायची, "पुढचं वाचनालयात येऊन वाचजो. मी नाई सांगत." लोक खरंच यायचे. आंजीच्या बाजारात एका बाईनं तिला ओळखलं आणि वांगी तोलता तोलता विचारलं, "त्या सुनेचं काय झालं हो पुढं?" मी बाजूला पिशवी धरून उभा. मला कोणी विचारलं नाही मी कोण. घरी आल्यावर मी म्हटलं, "मले तरी सांग, काय झालं त्या सुनेचं." तर म्हणे, "अवो, निम्मीच सांगाची असते. सरांनी सांगतलं." लग्नाच्या बायकोकडून निम्मी गोष्ट! उरलेली निम्मी त्या पऱ्हाटीला ठाऊक, आणि मला नाही.

पण सरांचा सगळ्यात मोठा कायदा वेगळाच होता. वाचनालयाचा फोटो असो, व्हिडिओ असो, ज्याच्या फोनवर गेला त्यानं सात दिवसांत परत करायचा. परत म्हणजे काय, तर सरांसमोर उभं राहून आपल्या फोनमधून पुसून टाकायचा. मग तो जमा. फेसबुकवर टाकलेलाही सर आठव्या दिवशी उतरवून घेत. मी म्हटलं, "अहो, पण तो तुमच्याजवळ असतेच ना?" ते म्हणाले, "पुस्तकाची दुसरी प्रत वाचनालयात असली म्हणून पहिली कोणी दाबून ठेवते काय, भाऊ?" बाकी गाव हसलं, विसरून गेलं. माझ्या बायकोनं मात्र हा नियम एकादशीसारखा धरला. दर शनिवारी सरांसमोर उभी राहायची आणि आठवड्याचं सगळं परत करून मोकळी व्हायची. तिचे स्वतःचे व्हिडिओसुद्धा. म्हणायची, "कपाट कसं साफ वाटते."

तेरवी झाली, पाहुणे गेले, तेव्हा मी तिचा फोन शेजारच्या सुनेच्या हातात दिला. म्हटलं, "पाह्य बाई, तिचं काय काय आहे यात." तिनं वर केलं, खाली केलं. म्हणाली, "यात काहीच नाई हो बाबा. गणपती आहे एक, अन् गॅसवाल्याचे मेसेज. माह्या फोनमधलं तर कवाच पुसलं, जागा पुरत नाई." घरात तिचा फोटो एकच, आधार कार्डाचा. त्यात ती अशी दिसते जशी कोणाच्या वावरातली भेंडी तोडताना सापडली. तोच मोठा करून आम्ही हार घातला होता. बोलणारी, चालणारी बाई जेवढी होती तेवढी सगळी सरांकडे जमा.

मी तसाच वाचनालयात गेलो. सर एकटेच होते. त्यांनी स्वतः झाडलं होतं, ते दिसतच होतं, कचरा सगळा दाराच्या मागे. म्हटलं, "तिचे व्हिडिओ द्या."

सरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "सभासद आहात का?"

त्या खोलीत तोवर कोणी ओरडलं नसेल, मी ओरडलो. "माही बायको आहे ते! तुमचं पुस्तक नोहे! चांगली निघाली तेवढी सगळी तुमी ठेवून घेतली, अन् मले काय देल्लं? किडके दाणे निवडणारी? औषध घ्या म्हणून डोकं खाणारी?"

"शांत..." सर म्हणाले आणि थांबले. भिंतीवर पाटी होती, तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पहिल्यांदाच मोठ्या आवाजात म्हणाले, "भाऊ, मले तर त्या वाचनालयाच्या टायमापुरत्या. मंग कुलूप लागलं की तुमच्याच घरी जात होत्या ना? तुम्ही कडीजवळ उभे राहून 'चाल वं' म्हणत होते. मी ते आयकत होतो. रोज."

सरांनी फोनचं कव्हर उतरवलं. म्हणाले, "आजपासून सभासद. तोंडीच समजा." आणि तिच्या फोनवर एक व्हिडिओ पाठवला. "सात दिवस," म्हणाले. मान खालीच होती, पण म्हणाले.

घरी येऊन पाहिला. तिच्या हातात फडकं, जुनी पुस्तकं झटकते आहे, धूळ उडते, तिला शिंका येतात. फोनच्या मागून सर कुजबुजतात, "बाई, शांतता." आणि ती हसते. माझ्या घरात ती नेहमी पदरात हसायची. इथे तोंड उघडं टाकून, पडलेल्या दाढेची जागा दिसेपर्यंत हसते आहे. हसते आहे सरांकडे पाहून, कारण फोन त्यांनी धरला आहे. पाहताना वाटतं माझ्याकडे पाहून हसली, पण मी काही मूर्ख नाही. किती वेळा पाहिला ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर यायच्या आधीच मी वाचनालयाच्या पायरीवर जाऊन बसलो. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि पाय उचलले. "काय झालं? सात दिवस आहेत अजून."

"वाचून झाला," मी म्हटलं आणि फोन पुढे केला. "घ्या परत. दुसरा द्या."

"दुसरा?"

"जेवढे असतील तेवढे. एक एक करून. अन् निम्म्यावर थांबते, त्याच्या पुढचं तुमी सांगजा."

सरांनी कुलूप काढायच्या आधीच फोन हातात घेतला. नियमाप्रमाणे माझ्याच बोटानं पुसून घेतला, नियमाप्रमाणे जमा झाला म्हणाले, आणि दुसरा पाठवला. मी तो चालू केला. त्यात ती कुठल्याशा सुनेची गोष्ट सांगत होती. सर उभेच. छत्री काखेत, मान वाकडी करून माझ्या खांद्यावरून पाहत होते.

मी पायरीवर सरकलो आणि त्यांना जागा दिली. थोडीच.