पऱ्हाटीचा खुट्टा

त्या साली बीटीच्या कपाशीतही गुलाबी बोंडअळी शिरली होती. तिच्या तावडीतून वाचलेला कापूस जुन्या पिकअपमध्ये भरून मी आणि माझा पोरगा मोताळ्याजवळच्या एका जिनिंगच्या फाटकाशी रांगेत होतो. आभाळ भरून आलेलं. आत टिनाचं शेड होतं, तिथं पोचलो की कापूस वाचला. पुढची गाडी आत गेली, पोरानं किल्ली फिरवली, अन् आमची गाडी मुकी. टक् सुद्धा नाही.

मागे रोहिणखेडचे एक चाचा टेम्पोत बसले होते. हॉर्न दाबून ओरडले, "ओ भाऊ, गाडी बाजूले घ्या! पानी आलं तं दोघायचाबी कापूस भिजते!"

"नंबर सोडत नाही," मी म्हटलं.

भरलेली गाडी चढावर कोण ढकलणार? पोरगा स्क्रू पिळायचा पेचकस घेऊन उतरला. स्टार्टरवर टेकवून चालू करतो म्हणे. मी त्याचा हातच धरला. "ठिनगी उडाली तं सारी जिनिंग पेटन बे!"

"मंग बॅटरीच गेली, बाबा."

"हॉर्न वाजव." वाजला, चांगला खणखणीत. "बॅटरी गेली, अन् हे काय भूत बोंबलून राह्यलं?"

आमची गाडी क्लच पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्ट घेत नाही. पायडलच्या दांडीला प्लास्टिकचा छोटा ठोकळा असतो, तो खाली जाऊन एका बटणावर बसला पाहिजे. मी पायडलखाली डोकं घातलं. चटईवर पिवळा चुरा सांडलेला.

"राहू द्या ते," पोरगा म्हणाला. "दसऱ्याच्या पूजेची हयद आहे. म्हनून तं मी झाडली नाही."

मी चिमूट चोळली. हळद बोटाला लागते. ही लागली नाही, नुसती कचकचली. वर पाहिलं तर दांडीवर ठोकळ्याच्या जागी रिकामं भोक! ठोकळाच जुना होऊन भुगा झाला होता, अन् आम्ही त्याची हळद करून बसलो होतो.

गाडी न्यूट्रल करवली. बटण अंगठ्यानं दाबलं. "फिरव किल्ली!"

इंजिन असं गरजलं की फाटकावरचा शिपाई दचकला. आम्ही आत, मागोमाग चाचा आत, अन् मग टिनावर थेंब वाजायला लागले. दोन्ही गाड्या कोरड्या.

शेडमध्ये इंजिन बंद करावंच लागतं. चाचा हसले. "आता दर टायमाले पायडलखाली झोपसान का, भाऊ?"

मी गाडीच्या मागे गेलो. मागच्या फळीच्या साखळीत पऱ्हाटीची काडी खोचलेली होती, आमच्याच कपाशीचं वाळलेलं खोड. गाठीशी तोडलं, चाकूनं तासलं अन् त्या भोकात ठोकून बसवलं. गाठ बाहेर राहिली, बटण दाबायला.

"दाब क्लच. फिरव."

पहिल्याच झटक्यात चालू.

"वा रे उस्ताद!" चाचांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की टोपी पडली. मी ती उचलून, झटकून, आरामात डोक्यावर ठेवली. कंपनीचा नवा ठोकळा आणू का, असं पोरगा अजूनही विचारतो. मी म्हणतो, हा तुटला की आण.